लाईट आली की फोन वाजलाच पाहिजे: ॲपमधून अलर्टचा आवाज कसा वाजवता?

शिवनेरीच्या_पायथ्याशी | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची शेती जुन्नर तालुक्यात. ऊस आणि थोडा कांदा. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत नेमकी वेळ सांगता येत नाही. बाराची म्हणावी तर साडेबाराला येते, मध्येच जाते, पहाटे तीनला पुन्हा येते. मोटरीला ऑटो लावलाय, पण मोटर आपोआप सुरू झाली तरी दारं मोडायला माणूस लागतोच. नाहीतर पाणी एकाच सरीत तुंबून राहतं. आबा आता ६८ वर्षांचे आहेत. पाळीच्या आठवड्यात ते धड झोपतच नाहीत. दर तासाला बॅटरी घेऊन स्टार्टरच्या पेटीवरचे दिवे बघायला जातात. आमच्याकडे उसात बिबट्याचा वावर आहे. मला त्यांची ही फेरी बंद करायची आहे, बस.

मी पुण्यात कोटलिनमध्ये ॲप लिहितो, पण आवाजाचं काम कधी केलं नव्हतं. स्टार्टरजवळ ईएसपी३२ चा बोर्ड बसवलाय. तिन्ही फेजवर एकेक ऑप्टोकपलर (फेज आली का ते बोर्डला कळवणारा भाग), फोरजीचं सिम मॉड्यूल आणि लाईट नसतानाही चालावं म्हणून लिथियमचा सेल. तिन्ही फेज एक मिनिट टिकल्या की बोर्ड सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर गूगलच्या फायरबेस सेवेमार्फत आबांच्या फोनला मेसेज करतो. इथपर्यंत सगळं चोख चालतं.

अडलंय आवाजापाशी. भोंग्याची एमपीथ्री फाइल 'रॉ' फोल्डरमध्ये ठेवली आणि मीडियाप्लेअरने वाजवली. ॲप उघडं असेल तर वाजते, पण कधी कधी दोन-तीन सेकंदांत मध्येच तुटते. ॲप बंद असेल तर भोंगा नाहीच, नुसतं 'टिंग' होतं. फोन सायलेंटवर असला तर तेही नाही. परवा रात्री १:५० ला मेसेज फोनवर पोचल्याचं सर्व्हरच्या नोंदीत दिसतंय. आबांना जाग आली ४ वाजता. तोवर बांध फुटून शेजारच्यांच्या कांद्यात पाणी गेलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण आबा दोन दिवस गप्प आहेत.

कोणी अलार्मचं किंवा रुग्णालयाच्या ॲपचं काम केलं असेल तर कृपया सांगा.

(इथे कोड टाकला की अर्धी चिन्हं उडतात, म्हणून नावं देवनागरीतच लिहूया. एडिटरमध्ये टाइप करताना ती सापडतातच.)

---

कोडकरी_नाशिक | मंगळवार, सकाळी ७:१५

आधी सोपा प्रश्न सोडवू. आवाज मध्येच का तुटतो? तुम्ही मीडियाप्लेअर फंक्शनच्या आत लोकल व्हेरिएबलमध्ये बनवला असणार. फंक्शन संपलं की त्या ऑब्जेक्टला धरून ठेवणारं कोणी उरत नाही. गार्बेज कलेक्टर (बिनवापराची मेमरी मोकळी करणारा) फिरला की प्लेअर जातो आणि त्याच्याबरोबर आवाजही जातो. कलेक्टर कधी फिरेल याचा नेम नाही, म्हणून एकदा पूर्ण वाजतं, एकदा तुटतं. प्लेअर क्लासच्या फील्डमध्ये ठेवा, वाजून झाला की 'रिलीज' करा.

हाच दोष आयफोनवरही होतो. तिथे एव्हीऑडिओप्लेअर लोकल ठेवला तर बहुतेक वेळा आवाज सुरूच होत नाही.

अजून एक. बटण दाबल्यावर लगेच येणारी छोटी 'टिक' हवी असेल तर साउंडपूल वापरा. तो फाइल आधीच उलगडून मेमरीत ठेवतो, त्यामुळे वाजायला उशीर होत नाही. फक्त 'लोड' म्हटल्या म्हटल्या 'प्ले' म्हणू नका. लोड मागे चालू असतं, ते पूर्ण झाल्याचा लिसनर येईपर्यंत थांबायचं. घाईने 'प्ले' केलंत तर शून्य परत येतं, एरर नाही, आवाज नाही. मी यात एक अख्खा दिवस घालवलाय.

---

सावली_दुपारची | मंगळवार, सकाळी ९:५०

दादा, तुमची अडचण फाइल वाजवण्याची नाहीच. हा आवाज कशासाठी आहे, हे तुम्ही फोनला सांगितलेलं नाही. मी सहा वर्षं औषधांच्या वेळा सांगणाऱ्या ॲपवर काम केलंय, म्हणून नीट लिहिते.

अँड्रॉइडमध्ये आवाजाचे वेगवेगळे पाट आहेत. गाण्यांचा वेगळा, रिंगचा वेगळा, सूचनांचा वेगळा, अलार्मचा वेगळा. प्रत्येकाचा व्हॉल्यूम स्वतंत्र असतो. तुम्ही काही सांगितलं नाही तर मीडियाप्लेअर गाण्यांच्या पाटात जातो आणि नोटिफिकेशन सूचनांच्या पाटात. फोन सायलेंट केला की सूचनांचा पाट बंद. अलार्मचा मात्र चालू राहतो. रात्री फोन सायलेंट करून झोपलो तरी सकाळचा गजर होतो, तो यामुळेच. तुमचा भोंगा त्या पाटात सोडायचा आहे. त्यासाठी ऑडिओॲट्रिब्यूट्समध्ये युसेज 'अलार्म' आणि कंटेंट टाइप 'सोनिफिकेशन' द्या.

आता हे कुठे द्यायचं? अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, आवाज नोटिफिकेशनवर लावून चालत नाही, तो चॅनलवर, म्हणजे एका प्रकारच्या सूचनांच्या गटावर, लावावा लागतो. तुम्ही बिल्डरवर 'सेटसाउंड' लिहिलं असेल, ते नव्या फोनवर कोणी वाचतही नाही. चॅनल बनवतानाच त्याला भोंग्याचा पत्ता, हे ॲट्रिब्यूट्स आणि महत्त्व 'हाय' द्यायचं.

आणि इथे सगळे फसतात: चॅनल एकदा बनला की त्याचा आवाज कोडमधून बदलता येत नाही. तो फोनच्या मालकाचा झाला. तुम्ही कोड दुरुस्त करता, पुन्हा चालवता, तेच जुनं 'टिंग' येतं, आणि वाटतं की कोडच चुकलाय. चॅनल डिलीट करून त्याच आयडीने पुन्हा बनवला तरी सिस्टिम जुनी सेटिंग्ज परत आणते. आवाज बदलायचा तर आयडी बदला. मी आयडीच्या शेवटी आकडा ठेवते आणि तो वाढवत जाते. जुना चॅनल आठवणीने डिलीट करा, नाहीतर आबांना सेटिंग्जमध्ये एकाच नावाच्या चार ओळी दिसतील.

तुमचं तिसरं कोडं, ॲप बंद असताना भोंगा का नाही. फायरबेसचा मेसेज तुम्ही 'नोटिफिकेशन' प्रकारचा पाठवताय का? तसा असेल तर ॲप मागे असताना सिस्टिम परस्पर सूचना दाखवते, तुमचं 'ऑनमेसेजरिसीव्ह्ड' चालतच नाही. फक्त 'डेटा' पाठवा, प्रायॉरिटी 'हाय' ठेवा, म्हणजे फोन डोझमध्ये, म्हणजे बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत, गेलेला असला तरी तुमचा कोड जागा होईल. मग सूचना तुम्ही बनवा, तुमच्या चॅनलवर.

शेवटचं. भोंगा एकदा वाजून थांबला तर उपयोग काय? नोटिफिकेशन बांधून झाल्यावर त्याच्या फ्लॅग्जमध्ये 'इन्सिस्टंट' जोडा. सूचना काढेपर्यंत किंवा वरचा पडदा खाली ओढेपर्यंत तो वाजत राहतो. 'सेटटाइमआउटआफ्टर' ने पाच मिनिटांची मर्यादाही घाला. घरात आजारी माणूस असेल आणि फोन हाताशी नसेल तर तो तासभर वाजत राहायला नको.

---

मुळाकाठ | मंगळवार, सकाळी १०:०५

सावली, +१. चॅनलचा आवाज गोठतो हे आज कळलं. वाचनखूण साठवली.

---

शिवनेरीच्या_पायथ्याशी | मंगळवार, रात्री १०:२०

सावलीताई, कोडकरी, मनापासून आभार. ऑफिसातून आल्यावर बसलो आणि सगळं बदललं. चॅनलचा आयडी नवा केला, युसेज अलार्म, डेटा मेसेज, इन्सिस्टंट. माझ्या फोनवर सायलेंटमध्ये, स्क्रीन बंद, ॲप बंद, तरी भोंगा वाजला! शेजारच्या खोलीतून बायको धावत आली.

पण आबांसाठी रिलीज बिल्ड (वापरायला द्यायचं अंतिम ॲप) काढून पाठवलं, तर त्यांच्या फोनवर सूचना येते आणि आवाज नाही. माझ्या फोनवरही रिलीज बिल्ड टाकून पाहिलं, गप्प. डीबग बिल्ड (चाचणीचं) वाजतं. आवाजाचा पत्ता मी स्ट्रिंग जोडून बनवलाय, फाइलचं नाव सर्व्हरकडून येतं.

---

ठाण्याची_फ्लटरवाली | मंगळवार, रात्री १०:५५

रिसोर्स श्रिंकर! रिलीज करताना तो न वापरलेल्या फाइली काढून टाकतो. तुम्ही नाव स्ट्रिंगमधून देताय, त्यामुळे त्याला वाटतं भोंगा कोणी वापरतच नाही. 'रॉ' फोल्डरमध्ये एक छोटी कीप एक्सएमएल फाइल ठेवा आणि 'टूल्स कीप' मध्ये भोंग्याचं नाव द्या. फ्लटरमध्ये आम्हाला हे हमखास करावं लागतं.

फाइलच्या नावात इंग्रजी मोठं अक्षर, स्पेस किंवा डॅश नको. फक्त लहान अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. आणि एमपीथ्रीऐवजी ओजीजी घ्या. एमपीथ्रीच्या सुरुवातीला नि शेवटाला बारीक शांतता चिकटते, आवाज फिरून फिरून वाजवताना ती कानाला खटकते.

---

शिवनेरीच्या_पायथ्याशी | मंगळवार, रात्री ११:३०

वाजला. ताई, तुम्ही माझी रात्र वाचवलीत.

---

उसाचा_फड | बुधवार, सकाळी ६:१०

मी कोडवाला नाही, शेतकरी आहे, श्रीगोंद्याकडचा. धागा पूर्ण वाचला, तांत्रिक निम्मं कळलं. पण चार गोष्टी सांगाव्या वाटतात.

पहिली, लाईट आल्याचा आवाज आणि गेल्याचा आवाज वेगळा ठेवा. रात्री उसात उभा असताना मोटर बंद पडली तर लाईट गेली की मोटर ट्रिप झाली हे आधी कळायला हवं. विहिरीपर्यंत चालत जाऊन बघण्यात अर्धा तास जातो. दुसरी, दोनच फेज आल्या तर अजिबात वाजू नका देऊ. माणूस उठून जातो, आणि मोटर चालत नाही. तिसरी, भोंगा बंद करायला स्क्रीनवर बारीक बटण देऊ नका. हात चिखलाचे असतात, ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही. आवाजाचं बाजूचं बटण दाबलं की थांबावा.

चौथी म्हणजे, आबांना विचारा त्यांना कुठल्या आवाजाने जाग येते. माझ्या वडिलांना मोबाईलची कर्कश शिट्टी ऐकूच येत नव्हती. आम्ही त्यांना आळशी म्हणायचो. नंतर कळलं की त्यांना बारीक आवाज खरंच ऐकू येत नव्हता.

---

स्वरगंध | बुधवार, दुपारी १:३०

दादांनी चौथी गोष्ट लाखमोलाची सांगितली. मी ध्वनिमुद्रणात काम करतो, त्यात थोडी भर घालतो.

वयाबरोबर आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात. नेहमीचे इलेक्ट्रॉनिक भोंगे साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास वाजतात, म्हणजे म्हाताऱ्या कानाचा जो भाग आधी थकतो तिथेच. धुराच्या अलार्मच्या बाबतीत हे तपासलं गेलं आणि ५२० हर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह झोपलेल्या माणसाला जास्त खात्रीने उठवतो असं दिसलं. अमेरिकेतल्या एनएफपीए ७२ या नियमावलीत झोपण्याच्या खोल्यांसाठी तोच ५२० हर्ट्झचा आवाज सांगितलेला आहे.

साधी साइन वेव्ह नको, स्क्वेअरच घ्या. स्क्वेअर वेव्हमध्ये मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे वरचे स्वरही असतात: १,५६०, २,६००, ३,६४० हर्ट्झ. फोनचा स्पीकर नखाएवढा, ५२० त्याच्याकडून फार जोरात निघणार नाही. पण वरचे स्वर तो नीट काढतो आणि कान त्यावरून खालचा स्वर जुळवून घेतो. ज्याला जे ऐकू येतं ते त्याच्यापर्यंत पोचतं.

ऑडासिटीत 'जनरेट' मध्ये टोन घ्या, स्क्वेअर, ५२०, ॲम्प्लिट्यूड ०.८. अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता. शांतता महत्त्वाची आहे. सलग आवाजाला झोपेतला मेंदू पंख्याच्या घरघरीसारखा स्वीकारतो, तुटक आवाजाला नाही. फक्त आगीच्या भोंग्याची ठरलेली लय उचलू नका, अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे तीन ठोके आणि मग दीड सेकंद थांबा. ती इमारत रिकामी करण्यासाठी राखलेली आहे. तुम्ही दोन ठोके आणि थांबा अशी लय घ्या.

आणि फोन उशाखाली ठेवू देऊ नका. उशी स्पीकर गिळते. बाजेजवळ स्टूल ठेवा, त्यावर स्टीलचं ताट पालथं घाला आणि त्यावर फोन ठेवा. चॅनलला व्हायब्रेशन लावलेलं असेल तर ताटच थरथरून वाजतं. करून बघा.

---

कोडकरी_नाशिक | बुधवार, दुपारी २:१०

बाजूच्या बटणाबद्दल: इन्सिस्टंट सूचना वाजत असताना ते बटण तुमच्या हातात येईलच असं नाही. खात्रीने हवं असेल तर अलार्मसारखी पूर्ण स्क्रीन उघडा आणि तिथे ते बटण पकडा. पण अँड्रॉइड १४ पासून पूर्ण स्क्रीनची परवानगी आपोआप फक्त कॉलच्या आणि अलार्मच्या ॲपला मिळते. प्ले स्टोअरला जाणार नसाल तर सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने चालू करून द्या. आबांच्या एका फोनसाठी एवढं करायला हरकत नाही.

---

करवीरची_मी | बुधवार, संध्याकाळी ७:४५

धाग्यात आयफोनवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण तिथली वाट वेगळी आहे.

ॲप समोर उघडं असताना छोटा आवाज हवा असेल तर ऑडिओसर्व्हिसेसचं 'प्लेसिस्टिमसाउंड' पुरतं. तीस सेकंदांपर्यंतची फाइल लागते, सीएएफ, एआयएफ किंवा डब्ल्यूएव्ही. एमपीथ्री तिथे देऊ नका. सायलेंटचा खटका लावला की तो आवाज बंद. खटका असूनही वाजायला हवं असेल तर एव्हीऑडिओप्लेअर वापरा आणि ऑडिओसेशनची कॅटेगरी 'प्लेबॅक' करा.

नोटिफिकेशनचा आवाजही तीस सेकंदांच्या आतच हवा. जास्त झाला तर फोन तुमची फाइल सोडून स्वतःचा नेहमीचा आवाज वाजवतो. आणि ॲप समोर उघडं असेल तर सूचना दिसतही नाही, वाजतही नाही. 'विलप्रेझेंट' या डेलिगेटमध्ये बॅनर आणि साउंड परत द्यावं लागतं. दर महिन्याला कोणी तरी यावर अडकलेलं दिसतं.

सायलेंट आणि फोकस (आयफोनची सूचना अडवून ठेवणारी सोय) दोन्ही भेदून वाजणारी क्रिटिकल अलर्ट आयओएस १२ पासून आहे, पण त्यासाठी ॲपलकडे अर्ज करून खास परवानगी घ्यावी लागते. आयओएस १५ ची टाइम सेन्सिटिव्ह सूचना फोकसमधून येते, पण सायलेंटच्या खटक्यापुढे तीही गप्पच. आयओएस २६ मध्ये अलार्मकिट आलंय, त्याने तिसऱ्या माणसाचं ॲपही खरा गजर लावू शकतं. पण ते आधी ठरलेल्या वेळेसाठी किंवा टायमरसाठी आहे. लाईट कधी येणार हे आधी ठरलेलं असतं तर हा धागाच लागला नसता. आबांकडे अँड्रॉइड आहे ते बरं आहे.

---

सावली_दुपारची | बुधवार, रात्री ९:३०

आबांच्या फोनवर हे एकदा स्वतः बसून तपासा, दादा. फोनवरून सांगून होत नाही.

अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगी विचारावी लागते. त्यांनी घाईत 'नको' म्हटलं असेल तर बाकी सगळं व्यर्थ. मग 'डू नॉट डिस्टर्ब'. त्यात अलार्मला सूट असते, पण काही फोनवर 'संपूर्ण शांतता' असा पर्याय असतो, तो अलार्मही गिळतो. मग बॅटरी. ॲपला बॅटरी बचतीतून वगळा. कोणी 'फोर्स स्टॉप' केलं तर ॲप पुन्हा उघडेपर्यंत फायरबेसचा मेसेजही येत नाही.

आणि अलार्मचा व्हॉल्यूम. आम्ही औषधांच्या ॲपमध्ये हेच विसरलो होतो. एका आजींचा अलार्मचा आवाज पार खाली आलेला होता, ॲप रोज वाजत होतं आणि त्यांना ऐकू जात नव्हतं. त्या दिवसापासून मी ॲप उघडताच 'गेटस्ट्रीमव्हॉल्यूम' ने अलार्मचा आकडा बघते आणि निम्म्याच्या खाली असेल तर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत मराठीत सांगते: 'अलार्मचा आवाज वाढवा'. खाली एकच बटण: 'वाजवून बघा'. ते बटण खऱ्या वाटेने जाऊ द्या, म्हणजे सर्व्हरकडून मेसेज, चॅनल, भोंगा. आतल्या आत फाइल वाजवून दाखवली तर खोटा भरवसा मिळतो. रोज रात्री झोपताना आबांनी ते एकदा दाबावं.

---

उसाचा_फड | बुधवार, रात्री ९:५०

'वाजवून बघा' फार आवडलं. आम्ही झोपताना ऑटोचा खटका हात लावून बघतो, तसंच.

---

शिवनेरीच्या_पायथ्याशी | रविवार, दुपारी ४:००

शुक्रवारी गावी आलो, म्हणून उशिरा लिहितोय.

आबांचा फोन हातात घेतला तर सावलीताईंनी सांगितलेलंच निघालं. सूचनांची परवानगी होती, बॅटरी बचत चालू होती आणि अलार्मचा व्हॉल्यूम पंधरापैकी दोन. मी पुण्यात बसून कितीही कोड बदलला असता तरी हे कळलं नसतं.

आवाज निवडायला आबांना पडवीत बसवलं आणि आठ आवाज एकामागून एक ऐकवले. माझा पहिला भोंगा त्यांना मागच्या दाराशी उभं राहिल्यावर ऐकूच आला नाही. मला तो तिथूनही कानठळ्या बसवत होता. ५२० चा स्क्वेअर त्यांनी लगेच ओळखला. म्हणाले, "हा ठेव, हा गोठ्यात असलो तरी येईल." ते गोठ्यात गेले, मी पुन्हा वाजवला, तिथून त्यांनी हात वर केला.

शनिवारी रात्री मी मुद्दाम जागा राहिलो. बाज, शेजारी स्टूल, पालथं ताट, त्यावर फोन. दहा वाजता आबांनी 'वाजवून बघा' दाबलं आणि पांघरूण ओढलं. १२:३७ ला ताट थरथरायला लागलं, मग दोन ठोके, थांबा, दोन ठोके. तिसऱ्या फेरीला आबा उठून बसले. चष्मा लावला, बाजूचं बटण दाबलं, बॅटरी घेतली. आम्ही दोघं दारं मोडायला गेलो. अडीच तासांत खालचा तुकडा भिजून झाला. परत आल्यावर ते पहाटेपर्यंत झोपले, मध्ये एकदाही उठले नाहीत. आई सकाळी मला दोनदा म्हणाली, "रात्री दार वाजलं नाही."

फड दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे लाईट गेल्याचा दुसरा चॅनल केला. त्याला खालच्या पट्टीतला एकच लांब ठोका लावला होता. तो आबांना नकोय. त्यांचं म्हणणं, लाईट गेल्यावर घाबरवायचं कशाला, तेव्हा तर घरी यायचं असतं. त्यांना तिथे नातीचा आवाज हवाय. म्हणून आत्ता पुतणीला समोर बसवून रेकॉर्ड केलं: "आबा, लाईट गेली, घरी या." चार सेकंद. ओजीजी केली, नाव लहान अक्षरांत, कीप फाइलमध्ये टाकली. चॅनलचा आयडी आता चौथ्यांदा बदलतोय.